परसांतील बटाटा



बटाटा ही वस्तु आपल्या घरांत इतकी नित्याची झाली आहे कीं, तिच्याविषयीं नभोवाणीवरून कोणी व्याख्यान देऊं लागला तर गृहिणींस हसूंच यावें. भाजी आणावयाची राहिली म्हणजे बटाटा, पाहुणे अवचित आले म्हणजे बटाटा, आणि एकादशी असली म्हणजे तर बटाट्यावांचून चूल पेटत नाहीं. या उपवासाच्या बटाट्याची मला नेहमींच मौज वाटत आली आहे. पांचशें वर्षांपूर्वीं जें झाड या देशांत कोणी डोळ्यांनीं पाहिलेंहि नव्हतें, त्याचा कंद आमच्या आजीबाईंनीं उपवासाच्या फराळांत बसविला. आणि त्याचाच सख्खा भाऊ जो टोमॅटो, त्यास मात्र त्या दिवशीं दाराबाहेर उभें केलें. हा निवाडा कोणत्याहि स्मृतींतला नव्हे, स्वयंपाकघरांतला आहे; आणि तेथील निवाड्यावर अपील नसतें हें आपण सर्व जाणतोंच.

मी शेतकी शास्त्रांतील पंडित नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, व सारें आयुष्य मुलांस शिकविण्यांत गेलें. शाळेच्या आवारांत मुलांकडून एक वाफा करवून घेण्याची संवय होती, आणि निवृत्त झाल्यावर ती घरच्या परसांत आली. तेव्हां आज जें सांगणार आहें तें हाताला माती लागून कळलेलें आहे. त्यास पुस्तकांचा आधार जेथें मिळाला तेथें तो घेतला आहे.

प्रथम पाहुण्याचें मूळ गांव पाहूं. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या उंच पठारावर, आज जेथें पेरू व बोलिव्हिया हे देश आहेत तेथें, टिटिकाका सरोवराच्या परिसरांत लोक हजारों वर्षें बटाटा पिकवीत आले आहेत. रात्रीच्या हिमांत तो गोठवावा, दिवसा तुडवून त्यांतील पाणी काढावें, उन्हांत सुकवावा, आणि वर्षानुवर्षें टिकणारा 'चुनो' करून ठेवावा, ही त्यांची युक्ति. आपल्याकडे बायका उन्हाळ्यांत कीस वाळवितात त्याचीच ही थोरली बहीण म्हणावयाची. स्पॅनिश लोकांनीं १५३२ सालीं पेरूवर स्वारी केली, त्यानंतर हा कंद युरोपांत गेला, व पुढें समुद्रमार्गानें आपल्याकडे आला. 'बटाटा' हें नांव आपण पोर्तुगीजांकडून घेतलें. परंतु मुळांत तें कॅरिबियन बेटांतील लोकांचें रताळ्याचें नांव आहे. म्हणजे रताळ्याचें नांव बटाट्यास मिळालें आणि रताळें बिचारें आपल्या जुन्या नांवावरच राहिलें. उत्तरेंत त्यास आलू म्हणतात, तो शब्द तर संस्कृतांत भलत्याच कंदांना लावीत असत.

आतां झाडाची ओळख. शाळेंत मी दरवर्षीं मुलांस विचारीत असें कीं, बटाटा हें मूळ, खोड कीं फळ? वर्गांतील निम्मे हात 'मूळ' म्हणून वर होत. मग मी एक गाजर आणि एक बटाटा टेबलावर ठेवीत असें. बटाट्यावर जागोजाग खळगे असतात, त्यांस आपण डोळे म्हणतों. प्रत्येक डोळ्यापाशीं एक बारीकशी भुंवई असते. ही भुंवई म्हणजे पानाची खूण, व डोळा म्हणजे त्या पानाच्या बगलेंतील अंकुर. मुळास असे अंकुर नसतात. ते खोडास असतात. तेव्हां बटाटा हें जमिनीखालीं फुगलेलें खोड आहे. कापलेल्या चकतीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला म्हणजे ती निळीकाळी पडते. हा पिष्टाचा पुरावा. शंभर भागांत सुमारें ऐंशी भाग पाणी, आणि उरलेल्यांत बहुतेक हें पिष्टच.

ही शाळेंतली गोष्ट एवढ्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, लागवडींतील निम्म्या गोष्टी या एका ज्ञानावर अवलंबून आहेत. लावलेल्या बेण्यांतून कोंब वर येतो. त्या कोंबाचा जो भाग मातीखालीं असतो त्यास आडव्या फांद्या फुटतात, आणि त्या फांद्यांचीं टोंकें फुगून नवे बटाटे होतात. म्हणजे नवे बटाटे जुन्या बटाट्याच्या खालीं येत नाहींत, वर व बाजूस येतात. झाडास भर कां लावावयाची, बेणें फार वर कां लावावयाचें नाहीं, आणि झाडाच्या बुडाशीं खुरपें कां घालावयाचें नाहीं, हें सर्व येथें उलगडतें.

बटाट्यास थंडी आवडते. रात्र थंड असली, साधारण पंधरा ते वीस अंश सेंटिग्रेड, म्हणजे झाड पानांतील अन्न खालीं सांठवूं लागतें. रात्री उष्ण असल्या तर पाला भरघोस वाढतो, शेजारीपाजारी वाहवा करतात, आणि खणून पाहिलें तर लिंबाएवढाले दोनचार गोळे हातीं लागतात. म्हणून देशावर परसबागेसाठीं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा. पीक जानेवारी-फेब्रुवारींत निघतें. कोंकणपट्टींत व मुंबईस तें येतें, पण हात आंखडून येतें. आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारासारख्या उंच व गार जागीं शेतकरी पावसाळ्यांतहि बटाटा घेतात; परंतु पावसांत पाण्याचा निचरा आणि करपा या दोहोंशीं झगडण्याची तयारी लागते, व ती हौशी माणसाजवळ नसते. आपण हिंवाळ्यावर संतुष्ट असावें.

यानंतर बेणें, आणि येथें मी थोडा जास्त वेळ घेणार आहें. लावण्यासाठीं राखलेल्या बटाट्यास शेतकरी बेणें म्हणतात. पुष्कळ घरीं रीत अशी कीं, टोपलींत पडून राहिलेल्या बटाट्यास कोंब आले म्हणजे गृहिणी म्हणते, "हे टाकण्यापेक्षां मातींत तरी पुरा." यांत काटकसर आहे, परंतु धोकाहि आहे. खाण्याचा बटाटा खाण्यापुरता तपासलेला असतो, आणि तोहि आपल्या डोळ्यांनींच. त्याच्या पोटांतील रोग वरून दिसत नाहीं.

या रोगांत आपल्याकडे जुना व वाईट तो बांगडी रोग. बटाटा आडवा कापला तर सालीच्या आंत तपकिरी रंगाचें कडें दिसतें, व दाबल्यास त्यांतून दुधाळ थेंब येतात. त्या कड्यावरून त्यास बांगडी म्हणूं लागले. झाड हिरवेंगार असतांना एकाएकीं मान टाकतें, जणूं पाणी मिळालें नाहीं. पाणी दिलें तरी उठत नाहीं. मुलांस दाखविण्यासारखी याची एक सोपी परीक्षा आहे. असें झाड बुडाशीं कापावें व त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या कांचेच्या पेल्यांत टांगता धरावा. रोग असल्यास थोड्याच वेळांत कापाच्या जागेंतून दुधासारखे पांढरे धागे खालीं उतरूं लागतात. ते धागे म्हणजे लक्षावधि जंतु. हे जंतु मातींत राहतात, पाण्याबरोबर वाहतात, कापणाऱ्या चाकूबरोबर एका बटाट्यांतून दुसऱ्यांत जातात, आणि टोमॅटो, वांगीं, मिरची यांनाहि सोडीत नाहींत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं पश्चिम हिंदुस्थानांतील बटाट्याच्या लागवडीचा अभ्यास केला, तेव्हांहि ही बांगडी त्यांच्यापुढें होतीच. त्यावर झाडास शिंपडून उतार पडावा असें औषध नाहीं. रोग न आणणें हाच उपाय.

दुसरी गोष्ट पतंगाची. बटाट्याच्या डोळ्यापाशीं अंडीं घालणारा एक करड्या रंगाचा लहान पतंग आहे. त्याच्या अळ्या बटाट्यांत भुयारें करतात आणि तोंडाशीं काळी विष्ठा सांठवितात. हा आपल्या देशांतला नव्हे. १९०६ च्या सुमारास इटलींतून मुंबई इलाख्यांत बेणें आलें, त्याबरोबर तो उतरला. जहाजांतून आलेल्या कांहीं पोत्यांतील ही अळी आज शंभरांहून अधिक वर्षें आपल्या शेतकऱ्यांच्या राशी पोखरीत आहे.

माझा एक जुना विद्यार्थी सातगांव पठारावर शेती करतो. कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या दिवसांत तो मला भेटावयास आला. चहा झाल्यावर मीं त्यास हौसेनें परसांत नेलें. कोंब नुकतेच वर आले होते. किती झाडें आहेत, खत कोणतें घातलें, यांपैकीं त्यानें कांहींच विचारलें नाहीं. खालीं वांकून एक पान उलटून पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, बेणें कोठलें?" मीं सांगितलें, "अरे, प्रमाणित बेणें आहे. तुमच्याच बाजूच्या एका शेतकऱ्यानें पंजाबांतून मागविलें, त्यांतलें पायलीभर घेतलें." तेव्हां तो जरा सैल झाला. मग भिंतीकडे पाहून दुसरा प्रश्न केला, "आणि या वाफ्याचें पाणी कोठें जातें?"

हा प्रश्न मला कोणींच कधीं विचारला नव्हता. आमच्या परसाचें पाणी मागल्या ओढ्यास मिळतें, व ओढ्याच्या खालच्या अंगास दोनतीन मळे आहेत. तें ऐकून त्यानें आपली हकीकत सांगितली. त्याच्या वरच्या बांधाच्या शेतकऱ्यानें स्वस्त मिळतें म्हणून कोणाकडून तरी बिनखात्रीचें बेणें आणलें. त्या पावसाळ्यांत वरच्या रानांत झाडें माना टाकूं लागलीं. आठपंधरा दिवसांत पाणी वाहून याच्या खालच्या तुकड्यांत आलें आणि तेथेंहि तेंच सुरू झालें. "त्या तुकड्यांत पुढें दोन वर्षें बटाटा लावला नाहीं, गुरुजी. बहिणीचें लग्न त्या पिकावर धरलें होतें, तें पुढें ढकलावें लागलें." त्याच्या बोलण्यांत शेजाऱ्यावर राग नव्हता. तो शेजारीहि बुडालाच होता.

शहरांत राहणाऱ्या आपणां लोकांस परसबाग म्हणजे विरंगुळा वाटतो. पीक आलें तर आनंद, न आलें तर बाजार आहेच. परंतु आपल्या चार हातांच्या वाफ्यांत जो रोग राहतो, त्याचें पाणी व त्याचा वारा कोणाच्या तरी पोटापर्यंत जातो.

याचें सर्वांत भयंकर उदाहरण आयर्लंडचें. तेथील गरीब कुळें जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत असत, आणि लावीत तेंहि बहुतांशीं एकाच वाणाचें बेणें. १८४५ च्या शरदृतूंत शेतांतील पाला काळा पडूं लागला व खणलेले बटाटे कुजूं लागले. पुढच्या वर्षीं तर पीक जवळजवळ साफ बुडालें. १८४१ च्या खानेसुमारींत त्या बेटावर सुमारें ८२ लाख माणसें होतीं. १८५१ सालीं सुमारें साडेपासष्ट लाख उरलीं. दहा लाखांच्या आसपास माणसें भुकेनें व तापांनीं मेलीं, आणि तितकींच देश सोडून गेलीं. त्या काळांत त्या देशांतून धान्य बाहेर जात होतें, हें येथें सांगितलेंच पाहिजे. बुरशीनें पीक मारलें, पण माणसें मेलीं त्यांत राज्यकर्त्यांचाहि हात होता. रोगाचें कारण काय यावर विद्वानांत वाद माजला. कोणी म्हणे दमट हवा, कोणी म्हणे दैवी कोप. पानावर दिसणारी सूक्ष्म बुरशीच याचें कारण आहे, असें १८४६ सालीं ज्यानें ठासून लिहिलें तो बर्कले नांवाचा इंग्लंडांतील एक पाद्री होता. झाडांची हौस असलेला माणूस. आज तोच रोग आपण उशिरा येणारा करपा म्हणून ओळखतों. ढगाळ, गार व ओल्या हवेंत पानांच्या कडेस पाणी सुटल्यासारखे काळपट डाग पडतात, व सकाळीं पान उलटून पाहिल्यास डागाभोवतीं पांढुरकी लव दिसते. असें पान दिसतांच तें झाड उपटून पुरावें. त्याचे बीजकण वाऱ्यावर जातात; कुंपण त्यांस अडवीत नाहीं.

तेव्हां बेणें खात्रीचें घ्यावें. तें बहुधा पंजाबांतून, विशेषतः जालंधरकडून येतें. वाणांच्या नांवांपुढें 'कुफरी' हा शब्द आढळेल. कुफरी हें सिमल्याजवळचें एक गांव. बटाट्यावर संशोधन करणारी मध्यवर्ती संस्था १९४९ सालीं पाटण्यास निघाली व १९५६ सालीं सिमल्यास गेली. तिनें काढलेल्या वाणांस त्या गांवाचें नांव लावतात. 'कुफरी ज्योति' आणि 'कुफरी चंद्रमुखी' हे १९६८ सालचे. १९७२ सालीं आलेल्या 'कुफरी लवकर' या वाणाचें नांव मला फार आवडतें, कारण त्यांतील 'लवकर' हा आपला मराठी शब्द आहे, आणि तो वाण नांवाप्रमाणें लवकरच तयार होतो. परसबागेस लवकर येणारा वाण बरा, कारण आपली थंडी आखूड असते.

कोंबडीच्या अंड्याएवढे किंवा थोडे लहान, तीसचाळीस ग्रॅमचे बटाटे बेण्यास उत्तम. ते अखंडच लावावेत. मोठे असल्यास कापावे लागतात. प्रत्येक फोडीस दोनतीन डोळे ठेवावेत, चाकू दर वेळीं धुवून पुसून घ्यावा, आणि फोडी सावलींत एकदोन दिवस ठेवून कापलेली बाजू कोरडी होऊं द्यावी. ओली फोड गरम मातींत टाकली कीं कुजलीच. लावण्यापूर्वीं आठदहा दिवस बेणें उजेडाच्या पण उन्हाच्या नव्हे अशा जागीं पसरून ठेवावें, म्हणजे आंखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात. अंधारांत आलेले पांढरे लांबलचक कोंब नुसते हात लावतांच मोडतात. नुकताच काढलेला ताजा बटाटा मात्र लावूं नये. तो दोन-अडीच महिने झोपलेला असतो, व कितीहि पाणी घाला, उठत नाहीं.

वाफ्यास दिवसांतून पांचसहा तास तरी ऊन हवें. माती भुसभुशीत पाहिजे. पुण्याकडील काळी चिकण माती या पिकास त्रास देते. तिच्यांत वाळू व भरपूर कुजलेलें शेणखत मिसळावें. शेण ताजें असल्यास हुमणी व वाळवी यांस तें आमंत्रण होतें. गेल्या हंगामांत जेथें टोमॅटो, वांगीं किंवा मिरची होती तेथें बटाटा लावूं नये. हें एकच घराणें आहे व त्यांचे रोगहि एकच. मेथी, घेवडा, मुळा यांनंतरची जागा चांगली. दहा फूट लांब व साडेचार फूट रुंद वाफ्यांत तीन ओळी बसतात. ओळींत हातभर अंतर, दोन बेण्यांत वीतभर, आणि खोली चार बोटें. एवढ्या जागेस सुमारें दीड किलो बेणें लागतें, आणि देवाची कृपा असली तर आठदहा किलो माल निघतो. याहून जास्त कोणी सांगितल्यास त्याचें ऐकून घ्यावें, वाद घालूं नये.

लावल्यावर हलकें पाणी द्यावें. कोंब वर येईपर्यंत माती नुसती ओलसर असावी, चिखल नसावा. पुढें आठवड्यास एकदां, जमीन पाहून. पाण्यांत नेम पाहिजे. बरेच दिवस कोरडें ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिलें कीं बटाटे तडकतात किंवा त्यांस आल्यासारखीं बोटें फुटतात.

साधारण पंचवीस-तीस दिवसांनीं झाड वीतभर उंच झालें म्हणजे भर लावावी. दोन्हीं बाजूंची माती ओढून बुडाशीं वरंबा करावा; पंधरा दिवसांनीं पुन्हां एकदां. सर्व लागवडींत हें काम मुख्य, आणि हौशी माणसें नेमकें हेंच टाळतात. फुगणारा बटाटा मातीबाहेर डोकावला तर उन्हानें हिरवा होतो, आणि तो मघांचा पतंग नेमका तेथेंच अंडीं घालतो. मातीचा जाड थर हें दोहोंवरचें औषध आहे, व त्यास पैसा लागत नाहीं.

ज्यांना परसूं नाहीं, नुसता सज्जा किंवा गच्ची आहे, त्यांनीं गोणपाटाच्या पोत्यांत लावावें. पोत्याची कड दुमडून तळाशीं वीतभर माती-खत घालावें, दोनतीन बेणीं ठेवावींत, व झाड वाढेल तसतशी माती टाकीत कड उलगडीत जावें. मात्र पोतें भरलें म्हणजे बटाट्यांनीं भरतें, अशी जी समजूत पसरली आहे ती खरी नाहीं. लवकर येणाऱ्या वाणास एकदां जेवढे बटाटे धरतात तेवढेच धरतात. एका पोत्यांतून किलो-दीड किलो निघाला तर समाधान मानावें. मुलांच्या दृष्टीनें मात्र हें पोतें दहा धड्यांच्या बरोबरीचें आहे.

आतां काढणी. ऐंशीनव्वद दिवसांनीं खालचीं पानें पिवळीं पडूं लागतात. तेव्हां पाणी तोडावें. पाला बराचसा पिवळा झाला म्हणजे तो जमिनीलगत कापून टाकावा आणि कंद आणखी दहाबारा दिवस मातींतच राहूं द्यावेत. या दिवसांत साल घट्ट होते. एक बटाटा उकरून अंगठ्यानें घांसून पाहावा; साल सुटली तर अजून थांबावें. पाहुण्यांस नवा बटाटा खाऊं घालण्याची इच्छा असल्यास दोन महिन्यांनंतर एकाद्या झाडाच्या कुशींत हळूच हात घालून दोनचार काढून घेण्यास हरकत नाहीं. पण ते त्याच दिवशीं शिजवावेत, टिकत नाहींत.

खणण्यास कोरडा दिवस निवडावा. झाडापासून वीतभर दूर कुदळ घालून माती उचलावी, व पुढचें काम हातांनीं करावें. हें काम घरांतील मुलांस द्यावें. वर्गांत ज्याचें कशांत मन लागत नसे असा एक मुलगा मला आठवतो. तो मातींत कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून, नुसत्या स्पर्शानें दगड कोणता आणि बटाटा कोणता तें सांगत असे, आणि कधीं चुकत नसे. सर्वांत जास्त बटाटे त्याच्याच टोपलींत असत. खणल्यावर तासदीड तास सावलींत वारा लागूं द्यावा. धुवूं मात्र नयेत. कुदळ लागलेले निराळे काढून त्या दिवशींच्या भाजीस द्यावेत.

हिरव्या बटाट्याविषयीं गृहिणींस माझी विशेष विनंति आहे. उजेडांत राहिल्यानें बटाट्याची साल हिरवी होते. तो हिरवा रंग निरुपद्रवी आहे, पण त्याच्याबरोबर सोलानीन नांवाचें विष वाढतें, आणि तें शिजवल्यानें किंवा तळल्यानें नाहींसें होत नाहीं. थोडासा हिरवा डाग असला तर जाड साल काढून तो भाग टाकावा; बराच हिरवा असला किंवा चवीस कडू लागला तर सबंधच टाकावा. लहान मुलांस उलट्या व पोटदुखी होण्यास फार लागत नाहीं. कोंब आलेल्या बटाट्याचे डोळे खोल कोरून काढावेत. झाडावर क्वचित् टोमॅटोसारखीं हिरवीं बारीक फळें धरतात, तींहि विषारी आहेत. मुलांस तीं दाखवून ठेवावींत, लपवूं नयेत. कांचेच्या बरणींत किंवा खिडकींत टोपलींत बटाटे मांडून ठेवण्याची जी हल्लींची शोभेची पद्धत आहे, ती या कारणानें मला पसंत नाहीं.

सांठवण अंधाऱ्या, गार व हवेशीर जागीं करावी. कांद्याशेजारीं बटाटा ठेवूं नये. एकमेकांच्या संगतीनें दोघेहि लवकर बिघडतात. पुणें जिल्ह्यांतील शेतकरी शेतांत झाडाच्या सावलींत बटाट्याची रास करून ती पाल्यानें व पेंढ्यानें झांकतात. त्यास ते अरण म्हणतात. भाव पडला असला म्हणजे ती अरण हाच त्यांचा धीर. घरीं तिची लहानशी नक्कल करतां येते. जुन्या पाटींत बटाटे घालून वर घाणेरीचा वाळलेला पाला पसरला तर पतंग फारसा फिरकत नाहीं. तरीहि आपल्या उन्हाळ्यांत दीडदोन महिन्यांपलीकडे आशा धरूं नये. शीतगृहांत दोनचार अंशांवर तो आठ महिने राहतो, परंतु त्या थंडींत पिष्टाची साखर होते. बाजारांतील एकादा बटाटा गोड लागतो व तळतांना काळा पडतो तो त्यामुळें. घरीं शीतकपाटांत ठेवल्यानेंहि तेंच होतें.

घरचा माल पुढल्या वर्षीं बेणें म्हणून ठेवावा काय, असें पुष्कळजण विचारतात. माझें उत्तर नाहीं असें आहे. फेब्रुवारींत काढलेला बटाटा ऑक्टोबरपर्यंत उन्हाळा व पावसाळा सोसून सुरकुततो, आणि मावा या किडीनें पसरविलेले विषाणु-रोग त्याच्यांत वर्षागणिक सांठत जातात. तिसऱ्या वर्षीं झाड खुजें व पान चुरगळलेलें दिसूं लागतें. बेण्यापुरते चार पैसे दरवर्षीं खर्च करावेत.

खणून झालेल्या वाफ्यांतील बारीकसारीक बटाटे व मुळकांड्या वेंचून काढाव्यात, नाहींतर पावसाळ्यांत तींच उगवून रोगास घर देतात. जागा चार दिवस उन्हांत तापूं द्यावी. नंतर त्यांत चवळी पेरावी, किंवा मांडव घालण्याची सोय असल्यास काकडी लावावी. खत पुन्हां घालावयास नको. बटाट्यास दिलेलें पुष्कळ शिल्लक असतें. पाणी मात्र लगेच सुरू करावें, कारण तोंवर मार्च लागलेला असतो आणि पुढचें ऊन वाट पाहत नाहीं.